एचआयव्हीची गोळी जवळच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, तेव्हा काय करायचं?

तालुक्याच्या ठिकाणी माझं औषधांचं दुकान आहे. एचआयव्हीच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन येणारी माणसं बहुधा गर्दी ओसरेपर्यंत बाहेर थांबतात, चिठ्ठी घडीसकट पुढे करतात आणि ‘नाही हो आपल्याकडे’ ऐकलं की पुढचं काही न विचारता निघून जातात. पुढचं विचारायला हवं. मागवून द्याल का, किती दिवसांत येईल, कोणाकडे मिळेल? ज्यांचे उपचार नुकतेच सुरू झालेत त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या वतीने औषध आणायला निघालेल्या घरच्यांसाठी हे लिहितोय.

आधी हे कळू द्या की दुकानात ही गोळी का नसते

दुकानदाराच्या मनात काही वाकडं असतं म्हणून नव्हे. कधी असतंही, त्यावर पुढे बोलतो. पण मुख्य कारण हिशेबाचं आहे. १ एप्रिल २००४ पासून आपल्याकडे सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांच्या केंद्रांवर ही औषधं मोफत मिळायला लागली. सुरुवातीच्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. आज बहुतेक लोक तिथूनच गोळ्या घेतात, त्यामुळे खासगी दुकानात मागणी फारच थोडी. त्यात ही औषधं सहसा तीस गोळ्यांच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत येतात. तापाच्या गोळीसारखी पट्टी कापून चार गोळ्या द्यायची सोय नाही. एका गिऱ्हाइकासाठी डबी आणून ठेवली आणि ते एआरटी केंद्राकडे वळलं, तर डबी एक्स्पायरीपर्यंत फळीवर पडून राहते आणि स्टॉकिस्ट ती परत घेईलच याची खात्री नसते. म्हणून तालुक्याचा होलसेलरच ती ठेवत नाही. माल असतो तो पुणे, मुंबई, नागपूर अशा मोठ्या शहरांतल्या मोजक्या स्टॉकिस्टांकडे.

२००१ साली सिप्ला या मुंबईच्या कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला आणि जगभर खळबळ उडाली. आफ्रिकेतल्या देशोदेशी आपल्या इथल्या गोळ्या जातात. बसस्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये मात्र त्या मिळत नाहीत.

पायरी १ : चिठ्ठीवर काय लिहिलंय ते स्वतः ओळखायला शिका

नव्याने उपचार सुरू होणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना सध्या टीएलडी नावाची एकच गोळी देतात, दिवसातून एकदा. टी म्हणजे टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, एल म्हणजे लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डी म्हणजे डोलुटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम. पूर्वी टीएलई चालायची, तिच्यात डीच्या जागी एफाव्हिरेन्झ होतं. घाईत लिहिलेला ‘डी’ आणि ‘ई’ किती सारखे दिसतात ते काउंटरमागे उभं राहिल्यावर कळतं. म्हणून डॉक्टरांना सांगा की तिन्ही औषधांची पूर्ण नावं आणि मिलिग्रॅम लिहा, नुसती अक्षरं किंवा नुसतं ब्रँडचं नाव नको.

आणखी एक गल्लत टेनोफोव्हिरची. ते दोन प्रकारचं असतं. जुनं डिसोप्रॉक्सिल, ३०० मिलिग्रॅमचं, आणि नवं अलाफेनामाइड, ज्याला टीएएफ म्हणतात आणि ज्याची मात्रा २५ मिलिग्रॅम असते. एम्क्युअर कंपनीच्याच व्हायरोपिल आणि स्पेग्रा या दोन गोळ्या घ्या. दोन्हींत डोलुटेग्राव्हिर आहे, दोन्ही रोज एकदाच घ्यायच्या. पण पहिलीत जुनं टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन, दुसरीत नवं टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन. ‘ही नाही तर ती घ्या, एकच आहे’ असं कोणी म्हटलं तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेऊ नका. कंपनी वेगळी पण आतली तिन्ही औषधं आणि मात्रा तंतोतंत तीच असतील, तर ब्रँड बदलल्याने बिघडत नाही. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

मोबाइलमध्ये दोन फोटो कायम ठेवा, एक चिठ्ठीचा आणि एक डबीच्या लेबलचा. परगावी डबी हरवली तर नाव आठवत बसावं लागत नाही.

पायरी २ : अर्धं औषध कधीही घेऊ नका

पूर्ण गोळी दुकानात नसते, पण तिच्यातले तुकडे असू शकतात, आणि धोका तिथेच आहे. टेनोफोव्हिरची एकेरी गोळी बऱ्याच दुकानांत मिळते, कारण ती हिपॅटायटिस बी, म्हणजे एका प्रकारच्या काविळीवरही चालते. लॅमिव्ह्युडिनची १०० मिलिग्रॅमची गोळीही त्याच काविळीसाठी येते. टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिनची जोडगोळी एचआयव्ही होऊ नये म्हणून प्रतिबंधासाठी घेतली जाते, शहरात तीही सापडते. दुकानदार चांगल्या मनाने म्हणतो, ‘यातलं एक आहे, तोवर हे चालू ठेवा.’ गिऱ्हाइकालाही वाटतं, काहीच नसण्यापेक्षा बरं.

बरं नाही. अशा सुट्या एका-दोन औषधांना विषाणू दबत नाही. तो त्यांना सरावतो, मग पुढे पूर्ण गोळी हातात आली तरी तिचा उपयोग कमी होतो. गोळी अर्धी करून दिवस वाढवणं, किंवा एक दिवसाआड घेणं, हाही त्यातलाच प्रकार. घ्यायचं तर तिन्ही औषधं पूर्ण मात्रेत. मिळत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर किंवा एआरटी केंद्र गाठायचं, तुकड्यांवर वेळ काढायची नाही.

एक अपवाद माहीत असू द्या. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डॉक्टर टीएलडीच्या जोडीला बारा तासांनी डोलुटेग्राव्हिर ५० ची वेगळी गोळी देतात. ती पूर्ण गोळीला भर म्हणून असते, तिच्याऐवजी नव्हे. टीबीचं औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना एचआयव्हीचं औषध माहीत नसेल तर ही दुसरी गोळी लिहायची राहून जाते. तेव्हा दोन्हीकडे दोन्ही सांगा.

पायरी ३ : दुकानदाराकडे ऑर्डर कशी टाकायची

खासगी डॉक्टरांकडे उपचार घ्यायचं ठरवलं असेल तर एक दुकान पक्कं करा, दर महिन्याला नवं शोधू नका. दुपारी दोन ते चारच्या सुमारास दुकानं रिकामी असतात, तेव्हा मालकाशी किंवा फार्मासिस्टशी बोला. डबीत पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असताना ऑर्डर टाका. दिवाळी, गणपती किंवा मार्चअखेर असेल तर त्याहूनही आधी, कारण त्या दिवसांत स्टॉकिस्टचा माल आणि ट्रान्स्पोर्ट दोन्ही अडकतात. थोडे पैसे आगाऊ दिले की दुकानदाराला डबी पडून राहायची भीती उरत नाही. निम्मे ‘नाही’ तिथेच ‘मागवतो’ होतात, हे माझ्या धंद्यातलं गुपित आहे म्हणा.

डबी हातात आली की तिथेच बघा: झाकणाचं सील शाबूत आहे का, एक्स्पायरी किती लांब आहे, औषधांची नावं चिठ्ठीशी जुळतात का. बिल मागा, त्यावर बॅच नंबर असतो. डबीवर ‘विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाचा शिक्का असेल तर तो सरकारी पुरवठ्याचा माल आहे. तो विकत घेऊ नका, तुम्हाला तो केंद्रातून फुकट मिळायला हवा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून ‘बिनचिठ्ठीचं, घरपोच’ म्हणणाऱ्यांच्या नादी तर अजिबात लागू नका.

गावात जमत नसेल तर ज्या डॉक्टरांनी औषध लिहिलं त्यांनाच विचारा. एचआयव्हीचे पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांना कोणत्या दुकानात माल असतो ते ठाऊक असतं. मोठ्या रुग्णालयाच्या आवारातलं मेडिकलही बघा. ऑनलाइन मागवायचं असेल तर चिठ्ठी अपलोड करून घेणाऱ्या परवानाधारक ठिकाणाहूनच. पार्सल घरात कोणाच्या हाती पडेल याचा विचार आधी करा. दुकानातून घ्यायची सोय असेल तर ती निवडा.

पायरी ४ : खासगीत घेत असाल तरी एआरटी केंद्राची वाट माहीत करून घ्या

माझ्या मते नवख्या माणसाने सगळ्यात आधी हेच करावं. दुकानदार असून मी हे सांगतोय, म्हणजे गिऱ्हाईक घालवतोय, तरीही. दर महिन्याला विकतची डबी परवडणं आणि आयुष्यभर परवडणं यात फरक आहे. नोकरी सुटली, घरात कोणाचं ऑपरेशन निघालं की आधी डबी लांबणीवर पडते.

सरकारी केंद्रात एप्रिल २०१७ पासून सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, कितीही असो, एचआयव्ही निघालेल्या प्रत्येकाला उपचार सुरू करायचं धोरण आहे. खासगी लॅबचा रिपोर्ट असला तरी सरकारी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात पुन्हा रक्त तपासतात, तोच रिपोर्ट एआरटी केंद्राला लागतो. आयसीटीसी ग्रामीण रुग्णालयातही असते, एआरटी केंद्र सहसा जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये. नेमकं कुठे ते १०९७ या मोफत नंबरवर विचारता येतं.

जाताना खासगीतली सगळी कागदं न्या: पहिला रिपोर्ट, चालू चिठ्ठी, आधी कोणती औषधं घेतली आणि का बदलली, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी) केला असेल तर तो, टीबी किंवा काविळीचा इतिहास. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा ठेवा. सकाळी लवकर जा, पहिल्या दिवशी वेळ लागतो, उपाशीपोटी तर जाऊच नका. डॉक्टरांच्या आधी समुपदेशकाकडे बसवतात. तिथे लाजून काही लपवू नका, विशेषतः आधी औषध घेऊन मधेच सोडलं असेल तर. पहिल्यांदाच सुरू करतोय असं सांगितलं तर डॉक्टर चुकीच्या माहितीवर निर्णय घेतील. बऱ्याच केंद्रांत केअर कोऑर्डिनेटर म्हणून एचआयव्हीसह जगणारीच एखादी व्यक्ती काम करते. कुठल्या खिडकीवर काय, कोणत्या दिवशी गर्दी कमी, हे तिच्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

नोंदणी झाली की नंबर आणि उपचाराची पुस्तिका मिळते. लोक तिला हिरवं बुक म्हणतात. ते जपा. औषधाबरोबर सीडी फोर आणि व्हायरल लोडही तिथे मोफत होतो. व्हायरल लोड उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात, पुढे वर्षातून एकदा. तब्येत स्थिरावली की जवळच्या लिंक एआरटी केंद्रातून गोळ्या घेता येतात, म्हणजे दर वेळी जिल्ह्याला जायला नको. दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याचीही पद्धत आहे. समुपदेशकाला स्वतःहून विचारा.

लहान मुलांच्या विरघळणाऱ्या गोळ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या फळीची औषधं तर गावातल्या दुकानात शोधूच नका. ती केंद्रातूनच येतात. पहिली औषधं लागू पडेनाशी झाली की केंद्र प्रकरण तज्ज्ञ समितीपुढे ठेवतं, आणि त्याला वेळ लागतो.

पायरी ५ : गावाबाहेर जाताना

बीडकडची ऊसतोड मजूर कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पाच-सहा महिने फडावर, आणि गोळ्या महिन्याच्या. असं असेल तर निघायच्या आधी केंद्राला सांगा की अमुक जिल्ह्यात, अमुक कारखान्यावर जातोय. जास्त दिवसांचं औषध किंवा तिकडच्या केंद्रावर बदली, यातलं जे बसेल ते करून देतात. न सांगता निघालात आणि मधेच गोळ्या संपल्या, तरी हिरवं बुक घेऊन जवळच्या कुठल्याही एआरटी केंद्रात जा. वाटेतल्या पेशंटला तात्पुरत्या गोळ्या देण्याची सोय आहे. मुंबईला कामाला जाणाऱ्यांनाही हेच लागू. सणाला गावी आलात आणि डबी खोलीवर राहिली, तर मेडिकल पालथी घालत दिवस घालवू नका.

लेबल खरवडून काढणं, किंवा व्हिटॅमिनच्या बाटलीत गोळ्या ओतून ठेवणं, मी पुष्कळदा पाहतो. कोणी बघू नये म्हणून करतात, कळतं मला. पण मूळ डबीत ओल शोषणारी छोटी पुडी असते, ती बाहेर टाकली की पावसाळ्यात गोळ्या खराब व्हायला वेळ लागत नाही. आणि परगावच्या डॉक्टरांना गोळीवरून काहीच कळत नाही. डबी तीच ठेवा, वरून कापडी पिशवी शिवा.

खंड पडलाच तर

एखाद्या दिवशी विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या. पुढच्या गोळीला चारेक तासच उरले असतील तर राहू द्या, पुढची वेळेवर घ्या. दोन एकदम नाही. काही दिवसांचा खंड झाला असेल तर दुकानात येऊन ‘परत चालू करू का’ असं मला विचारू नका. केंद्राला किंवा डॉक्टरांना विचारा, आणि किती दिवस सुटलं ते खरं सांगा. हिपॅटायटिस बी असलेल्यांनी जास्तच जपायचं. टीएलडीतली दोन औषधं त्या काविळीलाही धरून ठेवतात, ती अचानक थांबली की यकृतावर परिणाम होऊ शकतो.

आणि काउंटरवर आलातच तर बाकी कोणती औषधं घेता तेही सांगा. डायजिन, जेलुसिलसारखं ॲसिडिटीचं औषध डोलुटेग्राव्हिरला रक्तात जाऊ देत नाही. गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तसंच, फक्त जेवणाबरोबर घेतल्या तर एकत्र चालतात. शुगरसाठी मेटफॉर्मिन असेल तर डॉक्टरांना आठवण करा, डोलुटेग्राव्हिरबरोबर त्याची मात्रा सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात.

संसर्ग नुकताच झाला असावा अशी भीती असेल, सुई टोचली, कंडोम फाटला, लैंगिक अत्याचार झाला, तर ही वेगळी आणीबाणी आहे. पहिल्या काही तासांत, फार तर ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हावं लागतं आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. अशा वेळी मेडिकलच्या पायऱ्या चढत बसू नका. थेट सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

दुकानदार वाईट वागला तर

चिठ्ठी वाचून मोठ्याने नाव घेणारे, ‘हे कोणासाठी?’ विचारणारे, दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगणारे असतात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. विश्वासाने कळलेली कोणाची एचआयव्हीची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला तो मनाई करतो, आरोग्यसेवा देताना भेदभाव करायलाही. तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमायची तरतूद त्यात आहे. रस्ता सापडत नसेल तर केंद्रातल्या समुपदेशकाशी किंवा जिल्हा रुग्णालयातल्या डापकू, म्हणजे जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कार्यालयाशी बोला. मात्र माल नसणं आणि नकार देणं यात फरक करा. स्टॉक नाही म्हणणारा दुकानदार गुन्हेगार नव्हे.

सरकारी केंद्रातच तुटवडा पडला तर

पडतो कधीकधी. २०२२ च्या जुलैत दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयाबाहेर एचआयव्हीसह जगणारी माणसं धरणं धरून बसली होती, ती औषधांच्या तुटवड्यामुळेच. अशा वेळी महिन्याऐवजी थोड्या दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवतात. त्या घ्या, पुढची तारीख लिहून घ्या आणि त्या तारखेला जा. रिकाम्या हाताने परत पाठवलं तर १०९७ वर कळवा, जवळच्या दुसऱ्या केंद्रात आहे का ते विचारा, आणि तुमच्या औषधांची नावं केंद्राच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. मग खासगी दुकानातून एक डबी मागवता येते. आठवडाभराच्या गोळ्या हाताशी शिल्लक राहतील अशी तारीख केंद्राकडून आधीच घेतलेली असली तर ही धावपळ पुष्कळ हलकी होते.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

आखाती देशांत नोकरीच्या व्हिसासाठी एचआयव्ही तपासणी मागतात. एजंटला पैसे मोजण्याआधी हे माहीत असू द्या. इंग्लंडमध्ये एचआयव्हीचे उपचार ऑक्टोबर २०१२ पासून सगळ्यांना मोफत आहेत, व्हिसा कोणताही असो. अमेरिकेत विमा कंपनी बऱ्याचदा ठरावीक ‘स्पेशालिटी’ फार्मसीतूनच औषध घ्यायला लावते, कोपऱ्यावरचं दुकान चालत नाही. विमा नसेल किंवा अपुरा असेल तर रायन व्हाइट कार्यक्रमातून मदत मिळते, त्याची चौकशी पोहोचल्या आठवड्यातच करा. जाताना गोळ्या मूळ डबीत, हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह न्या, आणि पत्रात ब्रँड नव्हे तर औषधांची नावं लिहून घ्या.